उलट उत्तर ऐकून घेणारे शिक्षक

१५ फेब्रुवारी १८५५ च्या ‘ज्ञानोदय’मध्ये एक निबंध छापून आला. विषय होता महार-मांगांच्या दुःखाचा. उरलेला भाग १ मार्चच्या अंकात आला. लिहिणारी मुलगी चौदा वर्षांची, मांग जातीची, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत तीन वर्षे शिकलेली. आज आपण तिला मुक्ता साळवे या नावाने ओळखतो. या निबंधाचा उल्लेख आता दलित साहित्याच्या आणि स्त्रीलेखनाच्या प्रत्येक इतिहासात होतो, आणि तो योग्यच आहे. पण तो आणखी एका दृष्टीने वाचायला हवा. हा निबंध म्हणजे एका वर्गाचा पुरावा आहे. ज्या वर्गात बसून ही मुलगी लिहायला शिकली, तिथे शिकवणारे आणि शिकणारे यांच्यात काय चालत असेल, हे त्यातून कळते.

गुरुशिष्यांच्या नात्याबद्दल आपल्याकडे लिहिले गेलेले बहुतेक सारे एका बाजूने लिहिलेले आहे. शिष्य मोठा झाला की गुरूच्या आठवणी लिहितो, आणि त्या आठवणींत कृतज्ञतेशिवाय दुसरे फारसे काही येत नाही. गौरवग्रंथ वाचून नाते कळत नाही. ते कळायचे तर विद्यार्थी विद्यार्थीच असताना, शिक्षकाच्या हातात अजून त्याचे काही बरेवाईट करण्याची ताकद असताना, त्याने काय लिहिले आणि त्याचे पुढे काय झाले, हे पाहावे लागते. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातली अशी तीन लिखाणे इथे पाहायची आहेत. एक मुक्तेचे, एक न्यायमूर्ती रानडे यांचे, आणि एक डॉ. आंबेडकरांचे.

मुक्तेच्या आधीची शाळा कशी होती, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. गावातल्या एखाद्या ओसरीवर किंवा देवळात पंतोजींची शाळा भरे. धुळपाटीवर अक्षरे गिरवायची, उजळणी आणि पावकी-निमकी घोकायची, मोडी वळणदार काढायची. पंतोजींचे पोट मुलांच्या घरून येणाऱ्या शिध्यावर आणि सणावारी मिळणाऱ्या चार पैशांवर. शिक्षाही ठरलेल्या होत्या. अंगठे धरायला लावणे, ओणवे उभे करणे, आणि छडी तर हाताशीच. पंतोजींना नुसते क्रूर म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. ज्याचे पोट पालकांच्या मर्जीवर अवलंबून आहे आणि ज्याच्यापुढे वेगवेगळ्या वयाची पन्नास पोरे एकाच सुरात ओरडत आहेत, तो दुसरे काय करणार? पण एवढे खरे की त्या शाळेत मुलाने आपल्या मनाने काही म्हणावे अशी जागाच नव्हती. घोकलेले परत म्हणून दाखवणे एवढेच त्याचे बोलणे. आणि त्या ओसरीवर मांगाच्या मुलीला तर चढताही येत नव्हते.

अशा पार्श्वभूमीवर तो निबंध वाचला की पहिली गोष्ट डोळ्यात भरते ती अशी, की मुक्ता घोकलेले म्हणून दाखवत नाही. ती प्रश्न विचारते. वेद केवळ ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्मग्रंथ कोणता, आणि ग्रंथच नसेल तर आम्ही कोणत्या धर्माचे, असा तिचा देवालाच प्रश्न आहे. पेशवाईत पुण्यात महार-मांगांवर झालेल्या अत्याचारांचे ती वर्णन करते. इमारतींच्या पायात माणसे गाडण्याचे, तालमीवरून जाणाऱ्याचे मस्तक उडवून गुलटेकडीच्या मैदानात चेंडूसारखे खेळण्याचे. ऐकलेल्या या गोष्टींबरोबर तिने पाहिलेल्याही आहेत. बाळंतीण बाईच्या डोक्यावर छप्पर नाही, पाऊस-थंडीत तिचे काय होत असेल, हे तिने लिहिले आहे. आणि शेवटी ती आपल्याच लोकांकडे वळून त्यांना शिकायला सांगते.

इथे एक शंका नेहमी घेतली जाते, आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. चौदा वर्षांची मुलगी एवढे सारे आपल्या मनाने लिहील काय? फुल्यांनीच तिच्या नावावर लिहिले नसेल कशावरून? ‘ज्ञानोदय’ तर अमेरिकन मराठी मिशनचे पत्र. ब्राह्मणी धर्मावरची टीका त्याला हवीच होती. शंका वावगी नाही. वेदांबद्दलचा युक्तिवाद फुल्यांच्या वर्गात बोलला जात असणार, हे उघड आहे, आणि संपादकाची लेखणी कुठे फिरलीच नसेल असे छातीठोकपणे कोण म्हणेल? पण बाळंतिणीच्या डोक्यावरच्या छपराचा विचार कोणी बाहेरून घालून द्यावा लागत नाही. तो त्या वस्तीत राहणाऱ्या मुलीलाच आधी सुचतो. दुसरे म्हणजे तारखांकडे पाहा. याच १८५५ साली जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले, आणि त्यांच्या हयातीत ते छापले गेले नाही. शिवाजीचा पवाडा आला १८६९ मध्ये, ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये. म्हणजे जोतीरावांचा विचार ज्या ग्रंथांमधून पुढे महाराष्ट्राला कळला, ते ग्रंथ छापले जाण्याच्या कितीतरी आधी त्यांच्या विद्यार्थिनीचा निबंध छापला गेला होता. सावित्रीबाईंची ‘काव्यफुले’ तेवढी त्याआधी, १८५४ मध्ये, निघाली होती. शिष्याने गुरूचे ऋण मान्य करण्याची आपल्याला सवय आहे. पण इथे गुरूने शिष्येकडून काय घेतले असेल, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी. ‘गुलामगिरी’तला पेशवाईवरचा कडाका वाचताना मला तरी तो पडतो.

या निबंधाने शाळेपुढे जे संकट उभे राहू शकत होते, त्याची मात्र फारशी चर्चा झालेली नाही. १८४८ मध्ये भिड्यांच्या वाड्यात पहिली शाळा निघाली, पुढे १८५१ मध्ये बुधवार पेठेत अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात. ही नावेच बोलकी आहेत. शाळांच्या कामात जोतीरावांबरोबर उभे राहिलेल्यांत सदाशिव बल्लाळ गोवंडे, सखाराम यशवंत परांजपे, केशव शिवराम भवाळकर, मोरो विठ्ठल वाळवेकर अशी मंडळी होती. म्हणजे वाडा ब्राह्मणाचा आणि व्यवस्था पाहणारे मित्र बहुतेक ब्राह्मण. त्यांनीही त्या काळच्या पुण्यात कमी सोसले नाही. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकणाऱ्या शहरात अशा कामात आपले नाव गुंतवणे म्हणजे बहिष्काराला आमंत्रण. अशा शाळेतली एक विद्यार्थिनी ब्राह्मण पंडितांना थेट उद्देशून इतके तिखट लिहिते, आणि ते छापून येते कुठे, तर मिशनऱ्यांच्या पत्रात! शाळा म्हणजे पोरांना बाटवण्याचा कारखाना, असे म्हणणाऱ्यांच्या हाती याहून सोयीचा पुरावा कोणता मिळाला असता? सावध शिक्षकाने हा कागद पेटीत ठेवला असता. चांगला लिहिला आहेस हो, पण आता नको, असे म्हणून मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला असता, आणि त्यात कोणाला काही गैरही वाटले नसते. फुल्यांच्या शाळेत तसे झाले नाही. मुक्तेचे यानंतरचे दुसरे लिखाण उपलब्ध नाही. पण जे आहे ते आहे, याचे श्रेय तिच्याइतकेच तो कागद बाहेर जाऊ देणाऱ्यांनाही आहे.

जोतीरावांना या नात्याचे मर्म कळले होते, हे सत्तावीस वर्षांनी त्यांनीच सरकारला लेखी सांगितले. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षकाबद्दल ते जे म्हणतात ते फार व्यवहारी आहे. शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करावेत, म्हणजे ते मुलांत मोकळेपणाने मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील. नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला ज्याला लाज वाटत नाही, असा माणूस त्यांना हवा होता. त्याचा पगार दरमहा १२ रुपयांहून कमी नसावा, आणि मोठ्या गावांत तो १५ ते २० असावा, असेही त्यांनी मांडले. प्रेम, वात्सल्य असले शब्द त्यात नाहीत. मुलाने शिक्षकाजवळ मोकळे व्हायचे तर दोघांमधले अंतर कशाने कमी होईल, याचा हा हिशेब आहे, आणि त्यात पगाराचाही आकडा आहे. पंतोजींच्या शिध्याची गोष्ट आठवली की त्या आकड्याचे महत्त्व पटते.

पुण्यात हे चालू असताना मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये नात्याचा वेगळाच घाट घडत होता. बाळशास्त्री जांभेकर तिथे शिकवत, आणि दादाभाई नौरोजी त्याच संस्थेत शिकून पुढे तिथेच प्राध्यापक झाले. १८४८ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांची साहित्य आणि शास्त्र यांची सभा निघाली, आणि प्रोफेसर पॅटन तिचे अध्यक्ष झाले. पोरांनी निबंध वाचायचे, बाकीच्यांनी त्यावर बोलायचे, अशी रीत. दुसऱ्याच वर्षी या मुलांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि तिथे ती स्वतः बिनपगारी शिकवू लागली. विद्यार्थ्याला बोलू दिले की तो किती लवकर शिक्षक होतो, याचे हे उदाहरण. पण सभेत निबंध वाचणे निराळे, आणि ज्याच्या हाती आपली शिष्यवृत्ती आहे त्याच्यापुढे त्याला न आवडणारे लिहिणे निराळे.

हे दुसरे धाडस केले महादेव गोविंद रानडे यांनी. १८४२ मध्ये निफाडला जन्मलेला हा मुलगा मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या मॅट्रिकच्या तुकडीतला, आणि १८६२ च्या पहिल्या बी. ए. च्या तुकडीतलाही. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे त्याच परीक्षेत त्याच्याबरोबर होते. त्यांचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट हे अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे नामांकित भाष्यकार. इंग्लंडमधून हिंदुस्थानात आलेल्या शिक्षकांमध्ये इतका विद्वान माणूस विरळाच. रानडे यांच्यावर त्यांचा जीव होता. रानडे यांच्या चरित्रांत एक आठवण येते, की त्यांच्या उत्तरपत्रिका ग्रँट यांनी एडिंबरोला पाठवल्या होत्या. हिंदी विद्यार्थी काय करू शकतो, हे तिकडच्यांना दाखवावे म्हणून.

आणि याच ग्रँटसाहेबांनी रानडे यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. कारण एक निबंध. त्यात मराठ्यांच्या आणि इंग्रजांच्या राज्यकारभाराची तुलना होती, आणि ती इंग्रजांना अनुकूल नव्हती. जे सरकार तुला शिकवते त्याचीच तू निंदा करतोस, असा ग्रँट यांच्या नाराजीचा आशय चरित्रकार देतात.

या प्रसंगाकडे दोन तऱ्हांनी पाहिले जाते. रानडे यांचे भक्त तो ग्रँट यांच्या थोरपणाच्या गोष्टींमध्ये सहज मिसळून टाकतात, कारण दोघांचे संबंध पुढेही चांगले राहिले. राष्ट्रवादी लेखक त्याला साम्राज्याच्या दडपशाहीचा नमुना मानतात. मला दोन्ही अपुरे वाटते. ग्रँट यांनी नापास केले नाही, कॉलेजातून काढले नाही, आणि मुलाची बुद्धी नाकारली तर मुळीच नाही. पण जिथे विद्यार्थी सगळ्यांत अगतिक असतो तिथे, म्हणजे पैशावर, त्यांनी हात ठेवला. शिक्षक म्हणून त्यांना निबंध आवडला असेलही. शिक्षा केली ती सरकारी नोकराने. एकाच माणसात ही दोन माणसे राहत होती, आणि विद्यार्थ्याला कोणत्या वेळी कोण भेटेल याची खात्री नव्हती. एकोणिसाव्या शतकातल्या साहेब शिक्षकांच्या आणि हिंदी विद्यार्थ्यांच्या नात्याचे सारे दुखणे या एका गोष्टीत आहे. निबंध मात्र वाया गेला नाही. त्यातला विचार रानडे यांनी जवळजवळ चाळीस वर्षे सांभाळला, आणि १९०० मध्ये ‘मराठ्यांच्या सत्तेचा उदय’ या इंग्रजी ग्रंथात तो भरघोस पुराव्यानिशी मांडला. तोवर ग्रँट जाऊन सोळा वर्षे झाली होती.

रानडे स्वतः शिक्षक कसे होते? गोपाळ कृष्ण गोखले यांना त्यांनी सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाच्या निमित्ताने आकडे, अहवाल, सरकारी कागद यांत ज्या कठोरपणे घडवले ते सर्वश्रुत आहे. त्यांची दुसरी शिष्या त्यांच्या घरातच होती. रमाबाई अकरा वर्षांच्या असताना लग्न होऊन आल्या, आणि रानडे यांनी त्यांना शिकवले. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या त्यांच्या १९१० च्या पुस्तकात पतीविषयीची भक्ती पानोपानी आहे, आणि तरीही मराठीतल्या गुरुशिष्य नात्यावरच्या सर्वांत प्रामाणिक लेखनात मी ते धरतो. कारण पतीची नाराजी कशी असे, हेही त्या लपवत नाहीत. रानडे रागावत नसत, ते बोलणे बंद करत. ती शांतता रमाबाईंना छडीहून जड जाई, हे वाचताना लक्षात येते. सासरच्या बायकांचे टोमणे एकीकडे आणि हे मौन दुसरीकडे. ज्याने ग्रँट यांच्यापुढे निर्भयपणे लिहिले, त्याच्यापुढे त्याच्या विद्यार्थिनीला उलट बोलणे तेवढे सोपे नव्हते.

आता तिसरे लिखाण. भीमराव आंबेडकर यांनी शिक्षकांच्या हातून जे अनुभवले ते इतके परस्परविरोधी आहे की एकाच मुलाच्या वाट्याला हे सारे आले, यावर विश्वास बसणे कठीण जावे. साताऱ्याच्या शाळेत बसायला घरून नेलेले गोणपाटाचे तरट, आणि तहान लागली तर वरून पाणी ओतणाऱ्या शिपायाची वाट पाहणे. शिपाई नाही तर पाणी नाही, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. मुंबईच्या शाळेत संस्कृत शिकायला मिळाले नाही म्हणून फारसी घ्यावी लागली. त्याच साताऱ्यात आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण शिक्षक आपल्या डब्यातली भाजीभाकरी या मुलाला देत, आणि त्यांचेच आडनाव त्याला मिळाल्याची आठवण चरित्रांत येते. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाची ओळख कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांशी झाली. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. सयाजीराव गायकवाडांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली तीही केळुसकरांच्या खटपटीमुळे. या दानाची किंमत १९५६ मध्ये नागपूरला कळली, एवढे म्हटले तरी पुरे.

पण भाकरी देणे, पुस्तक देणे, शिष्यवृत्ती मिळवून देणे यात शिक्षक वरच्या बाजूला असतो आणि मूल खालच्या. त्या मुलाने शिक्षकाशी मतभेद मांडला तर काय, हा प्रश्न तिथे येत नाही. तो आला लंडनला. कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्युई आणि सेलिग्मन यांच्या हाताखाली शिकून आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. पैसा आणि मुदत दोन्ही संपल्याने १९१७ मध्ये परतले, आणि १९२० मध्ये पुन्हा गेले. तिथे त्यांचे प्राध्यापक होते एडविन कॅनन. अ‍ॅडम स्मिथच्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ची प्रमाण आवृत्ती सिद्ध करणारे ते हेच. रुपयाच्या प्रश्नावर आंबेडकर यांनी लिहिलेला प्रबंध १९२३ मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या नावाने पुस्तकरूपाने निघाला.

हा विषय कोरडा नव्हता. हिंदुस्थानात त्या वेळी रुपया सोन्याशी अप्रत्यक्ष जोडलेला होता. देशात चांदीचा रुपया चालायचा, आणि त्याचा परदेशी चलनातला भाव सरकार आपल्या व्यवहारांनी टिकवायचे. जॉन मेनार्ड केन्स यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये या पद्धतीची भलावण केली होती. आंबेडकर यांनी तिच्यावर कडाडून हल्ला केला. सरकारच्या हाती चलन वाढवण्याची एवढी मोकळीक राहिली की रुपयाचे मोल घसरते, महागाई होते, आणि त्याचा मार गरिबाला बसतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा. कॅनन यांना हा हल्ला पटलेला नव्हता. आणि या पुस्तकाला प्रस्तावना लिहिण्याचे काम आले कॅनन यांच्याकडेच.

प्राध्यापकांच्या प्रस्तावना कशा असतात हे आपण जाणतो. विद्यार्थी होतकरू आहे, परिश्रमी आहे, ग्रंथ संग्राह्य आहे. कॅनन यांनी उघड लिहिले की आंबेडकर यांचा या पद्धतीवरचा रोष आपल्याला मान्य नाही आणि त्यांचे बहुतेक युक्तिवादही पटत नाहीत. तरी काही ठिकाणी त्यांनी नेमके वर्मावर बोट ठेवले आहे, आणि जिथे ते साफ चुकले असे वाटले तिथेही त्यांच्या विचारांतला ताजेपणा आपल्याला चालना देऊन गेला. म्हातारा शिक्षक विद्यार्थ्याच्या स्वतंत्रपणाचे असे हट्ट सहन करायला शिकतो, असाही मिश्कील आशय त्यांनी घातला आहे. आणि शेवटच्या व्यवहारी निष्कर्षापाशी आल्यावर त्यांनी आपला कल आंबेडकर यांच्याकडे असल्याचे सांगितले, पण स्वतःच्या निराळ्या कारणांसाठी.

विद्यार्थ्याच्या पुस्तकाच्या दारातच उभे राहून शिक्षक वाचकाला सांगतो आहे की याचे मला पटत नाही, आणि आत जाऊन वाचा. आणि तो विद्यार्थीही ती प्रस्तावना जशीच्या तशी छापतो. पुण्यात १८५५ मध्ये शिक्षकांनी मुलीचा कागद बाहेर जाऊ दिला होता, तेव्हा दोघांचा विरोधक एकच होता. इथे विरोध थेट गुरूच्या मताला आहे, आणि कोणाचीही शिष्यवृत्ती बंद झाली नाही.

याच पुस्तकाची अर्पणपत्रिका आंबेडकर यांनी गुरूंच्या नावाने लिहिलेली नाही. ती आहे आई-वडिलांच्या स्मृतीला, त्यांनी मुलाच्या शिक्षणासाठी केलेल्या त्यागाबद्दल. मुलाला हवी असलेली पुस्तके विकत घेण्यासाठी मुलींचे दागिने उसने मागून ते गहाण टाकणारे सुभेदार रामजी सकपाळ फेब्रुवारी १९१३ मध्ये वारले. मुलगा न्यूयॉर्कला जायला तेव्हा काही महिने होते. हे रामजी स्वतः लष्कराच्या शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते.